धागा: टाकाऊ फ्लॅश कॅमेऱ्याच्या सर्किटमधून ३०० व्होल्टचा कॅपॅसिटर चार्जर (व्हॉल्व्ह रेडिओ आणि पंपाच्या कॅपॅसिटर तपासणीसाठी)

जुना_व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्तीला घेतला की पहिला प्रश्न फिल्टर कॅपॅसिटरचा. वीस-तीस वर्षं वीज न लागलेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर थेट मेन्सवर घेतला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो, गळती वाढते, डबा तापतो आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्हला किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो. कॅपॅसिटर बदलून मिळतो, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून असा कॅपॅसिटर आधी बाहेर काढून, मोजक्या करंटवर, सावकाश 'फॉर्म' करायचा, म्हणजे आतला ऑक्साइडचा थर पुन्हा जमवायचा.

त्यासाठी हवा असतो उंच व्होल्टेजचा पण अशक्त सप्लाय. एकदा वापरून टाकायच्या कॅमेऱ्यातलं फ्लॅशचं सर्किट नेमकं तसंच असतं. एका दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर ते ३०० व्होल्ट तयार करतं, पण सलग जेमतेम ३ मिलीअँपियर देतं. ही कमी ताकद हाच त्याचा गुण.

आत असतं काय ते आधी सांगतो. एक ट्रान्झिस्टर (बऱ्याच बोर्डांवर २एसडी९६५ किंवा त्याच जातीचा, ५ अँपियरचा), एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर, एक फास्ट डायोड, आणि ८० ते १६० मायक्रोफॅरडचा ३३० व्होल्टचा फोटोफ्लॅश कॅपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला जाड तारेचे मोजकेच वेढे, सेकंडरीला केसासारख्या तारेचे हजाराच्या वर. तिसरं छोटं वाइंडिंग बेसला फीडबॅक देतं आणि सर्किट आपलं आपण ऑसिलेट होतं. चार्ज होताना येणारी शिट्टी ती हीच, आणि व्होल्टेज चढेल तसा तिचा सूर चढतो. झेनॉन ट्यूब, ट्रिगर कॉइल आणि ट्रिगरचा बारका कॅपॅसिटर आपल्याला नकोत. ते काढून टाका.

माझं म्हणणं एवढंच आहे की चार्ज करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे आणि ते कॅमेरा बनवणाऱ्याने करून ठेवलेलंच आहे. कुठे थांबायचं आणि रिकामं कसं करायचं, ते सर्किट आपण बांधायचं. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक आकृत्या सेल आणि बटण दाखवून संपतात. तो चार्जर नव्हे, तो धोका आहे.

जुना_व्हॉल्व्ह

कॅमेरा उघडण्याची रीत वेगळ्या पोस्टमध्ये देतोय, कारण शॉक बसतो तो इथेच. १२० मायक्रोफॅरड ३०० व्होल्टला म्हणजे ५.४ ज्यूल. वर्षभर कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यातही चार्ज असू शकतो, आतला सेल जिवंत असेल तर नक्कीच.

पहिल्यांदा सेल काढा. मग शटर दाबून फ्लॅश उडवून घ्या. उडाला तरी कॅपॅसिटर पूर्ण रिकामा होत नाही, ट्यूब विझते तेव्हा चाळीस-पन्नास व्होल्ट मागे राहतात. पुठ्ठ्याचं वेष्टण काढून प्लास्टिकच्या कड्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचका, पण स्क्रूड्रायव्हर आत खुपसू नका. बोर्ड दिसला की बोटं लांब ठेवा. ४.७ किलोओम १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना चांगल्या इन्सुलेशनच्या तारा आणि मगर क्लिपा लावा. क्लिपा कॅपॅसिटरच्या दोन पायांवर ५ सेकंद धरा. मग मीटर ६०० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. ५ व्होल्टच्या खाली दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तो रेझिस्टर काम संपेपर्यंत तसाच जोडलेला ठेवा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

दादा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर काय बिघडतं? सगळे तसंच करतात की.

जुना_व्हॉल्व्ह

फोटोफ्लॅश कॅपॅसिटरचा आतला रोध फार कमी असतो, तो झटक्यात शेकडो अँपियर सोडायलाच बनवलेला आहे. शॉर्ट केला की स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडतो, वितळलेल्या धातूचा कण डोळ्याकडे उडू शकतो, आणि बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो. कॅपॅसिटरच्या आत फॉइलला टाके मारून पाय जोडलेले असतात, त्या जोडावरही ताण येतो. आपल्याला हाच कॅपॅसिटर पुढे साठ्यासाठी वापरायचाय. रेझिस्टरने काम तीन सेकंदांत होतं. मग शॉर्ट कशाला?

गंजी_गल्ली_रेडिओ

बोर्ड मिळण्याबद्दल थोडं. आपल्याकडे भंगारात एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांपेक्षा दोन सेलवाले रीळचे छोटे कॅमेरे जास्त सापडतात. जुन्या फोटो स्टुडिओंकडे विचारा, बिघडलेले कॅमेरे खोक्यात पडून असतात. त्यातले साधे असतील त्यांचा बोर्ड ३ व्होल्टवर चालतो, पद्धत तीच. पण ज्यांत रीळ गुंडाळायला मोटर आणि पुढे डिस्प्ले आहे ते घेऊ नका. त्यांचं चार्जिंग आतल्या चिपच्या ताब्यात असतं, चिपला रीळ आणि शटरचे सिग्नल मिळाले नाहीत की ती चार्जिंग सुरूच करत नाही.

दोन्ही जाती एकमेकींच्या सेलवर लावू नका. दीड व्होल्टच्या बोर्डाला ३ व्होल्ट दिले तर चार्ज दुप्पट वेगाने होतो खरा, पण ट्रान्झिस्टर मिनिटाभरात पोळतो आणि व्होल्टेज ३३० च्या वर सहज जातं.

पंचगंगातीर

निऑन दिवा लागला की थांबायचं, एवढं पुरत नाही का? कॅमेऱ्यात तर तेवढंच असतं.

जुना_व्हॉल्व्ह

निऑन फक्त 'फोटो काढायला पुरेसं झालं' एवढं सांगतो. तो साधारण २७० व्होल्टच्या आसपास लागेल अशा रेझिस्टरांच्या जोडीवर बसवलेला असतो, आणि बोर्डागणिक आकडा हलतो. काही बोर्डांत निऑन लागला की ऑसिलेशन तुटतं, काहींत बटण धरून ठेवलं तर चार्जिंग चालूच राहतं. ताज्या सेलवर ते ३३० ओलांडतं. फोटोफ्लॅश कॅपॅसिटरला थोडं जास्त व्होल्टेज एकदा सोसतं, रोज नाही. रबरी बुडाचा भाग फुगलेला दिसला तर तो कॅपॅसिटर वापरातून बाद समजा.

म्हणून मी थांबण्याची पातळी २९० व्होल्ट धरतो आणि ती कंपॅरेटरने (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपने) राखतो. भाग सांगतो.

साठ्याच्या कॅपॅसिटरवर (बोर्डाचाच, १२० मायक्रोफॅरड) कायमचे ४७० किलोओमचे दोन रेझिस्टर सीरीजमध्ये, अर्ध्या वॅटचे. हे ब्लीडर, म्हणजे साठा आपोआप सावकाश रिकामा करणारे. एकच १ मेगाओमचा पाव वॅटचा लावू नका, पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते. वॅटचा हिशोब बरोबर असला तरी व्होल्टेजने तो हळूहळू खराब होतो, आणि ब्लीडर तुटला की कुणाला कळतही नाही. या जोडीने ३०० वरून ३० व्होल्टवर यायला सव्वाचार मिनिटं लागतात, खाली सांगितलेल्या मोजणीच्या साखळीमुळे प्रत्यक्षात थोडी कमी.

व्होल्टेज मोजायला वरच्या बाजूला १ मेगाओमचे तीन, खाली २२ किलोओम आणि त्याच्या सीरीजमध्ये ५ किलोओमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलायचा रेझिस्टर). प्रीसेटच्या एका टोकाला २८०, दुसऱ्या टोकाला ३४३ व्होल्ट अशी रेंज येते. सुरुवातीला प्रीसेट पूर्ण रोधावर ठेवा म्हणजे २८० ला थांबेल, मग मीटर बघत २९० वर आणा. उलट्या टोकापासून सुरू केलंत तर पहिल्याच चार्जला कॅपॅसिटरची मर्यादा ओलांडाल.

कंपॅरेटर म्हणून एलएम३९३ चा अर्धा भाग. उणे इनपुटला मोजणीच्या साखळीचा मधला सांधा (वरचे मेगाओम आणि खालचा भाग यांमधला). अधिक इनपुटला टीएल४३१ चे (हा स्थिर संदर्भ व्होल्टेज देतो) अडीच व्होल्ट, मध्ये १० किलोओम. आउटपुटपासून अधिक इनपुटला ५६० किलोओम, हा हिस्टेरेसिससाठी, म्हणजे सुटण्याच्या आणि परत लागण्याच्या पातळीत फरक राहावा म्हणून. आउटपुटला पुल-अप ४.७ किलोओम, तिथून १० किलोओममधून बीसी५४७ च्या बेसला, आणि त्याच्या कलेक्टरला ५ व्होल्टचा शुगर क्यूब रिले. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड विसरू नका. टीएल४३१ ला १ किलोओममधून करंट द्या, त्याला किमान १ मिलीअँपियर लागतो. या किमतींनी चार्जर २९० ला सुटतो आणि सात-आठ व्होल्ट खाली आलं की परत लागतो. हिस्टेरेसिस नसेल तर रिले मशीनगनसारखा वाजत राहतो.

रिलेचा संपर्क सेलच्या तारेत बसवा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

रिलेच का? ट्रान्झिस्टरने बेस खाली ओढला की ऑसिलेशन थांबेल. एक ऑप्टोकपलर (एलईडीच्या उजेडाने चालणारा ट्रान्झिस्टर) पुरे.

जुना_व्हॉल्व्ह

दोन कारणं. पहिलं, या बोर्डांत साठ्याच्या कॅपॅसिटरचं एक टोक सेलच्या टोकाला जोडलेलं असतं, पण कोणतं टोक कशाला हे बोर्डागणिक बदलतं. रिलेने सेल वेगळा राहतो, त्यामुळे कंपॅरेटरची ग्राउंड बिनधास्त कॅपॅसिटरच्या उण्याला ठेवता येते. दुसरं, फीडबॅक वाइंडिंगमधून बेसला येणारा करंट दहा-वीस मिलीअँपियरच्या घरात जातो. झेनरमधून (ठरावीक व्होल्टेजला उलटा वाहू लागणाऱ्या डायोडमधून) ऑप्टोच्या एलईडीला जेमतेम एखादा मिलीअँपियर मिळणार, तेवढ्यावर साधा पीसी८१७ बेस पुरता दाबू शकत नाही. मग सर्किट ना धड थांबतं ना धड चालतं, आणि त्या अर्धवट अवस्थेत ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतो.

रिलेची एक अडचण मात्र खरी आहे. सुरुवातीला सेलमधून एक-दीड अँपियर जातो. संपर्काचा रोध ०.१ ओम धरला तरी ०.१५ व्होल्ट तिथेच गेले, आणि आपल्याकडे मुळात सव्वाच व्होल्ट आहेत. तेव्हा सेलच्या तारा जाड आणि आखूड, होल्डर चांगल्या स्प्रिंगचा. बारीक हुकअप वायर वापरलीत तर २२० व्होल्टला येऊन अडकेल आणि तुम्ही दोष बोर्डाला द्याल.

प्रयोगशाळा_सहायक

सेल कोणता वापरायचा? अल्कलाइन की रिचार्जेबल?

गंजी_गल्ली_रेडिओ

निकेल मेटल हायड्राइड, २००० मिलीअँपियर-तासाच्या आसपासचा. व्होल्टेज १.२ दिसतं म्हणून घाबरू नका, त्याचा आतला रोध कमी असल्याने भाराखाली तो तेवढेच व्होल्ट धरून ठेवतो. अल्कलाइनही चालतो. घड्याळात घालतात तो स्वस्त झिंक-कार्बन अजिबात नको, दीड अँपियर मागितला की त्याचं व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड १८०-२०० वर रेंगाळतो.

कंपॅरेटरला वेगळे चार रिचार्जेबल सेल द्या, ४.८ व्होल्ट होतात, रिले त्यावर व्यवस्थित ओढतो. मोबाइलचा चार्जर लावू नका. कॅपॅसिटरचं उणं त्यातून मेन्सच्या बाजूशी बारीक का होईना नातं जोडतं, आणि स्वस्त चार्जरच्या इन्सुलेशनचा भरवसा नाही. पॉवर बँकही त्रास देते. रिले सुटला की भार काही मिलीअँपियरवर येतो, पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती झोपते. मग व्होल्टेज उतरत जातं आणि चार्जर परत लागत नाही. धोका नाही, पण दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

पंचगंगातीर

मोजणीच्या साखळीतला वरचा एखादा मेगाओम तुटला तर? कंपॅरेटरला शून्य दिसेल आणि तो चार्ज करतच राहील.

जुना_व्हॉल्व्ह

अगदी बरोबर पकडलंत. खालचा प्रीसेट उघडा पडला तर चार्जर थांबतो, वरचा तुटला तर थांबत नाही. म्हणून साठ्यावर दुसरी राखण: १ वॅटचे १०० व्होल्टचे तीन झेनर (१एन४७६४ए) आणि १० व्होल्टचा एक, सगळे सीरीजमध्ये. ३१० व्होल्टला ही साखळी वाहू लागते. बोर्ड देऊन देऊन ३ मिलीअँपियर देणार, म्हणजे प्रत्येक मोठ्या झेनरवर ०.३ वॅट. दिवसभर सोसतील. हेच बोर्ड ताकदवान असते तर झेनर जळाले असते. झेनर हीच मुख्य राखण केली तरी व्होल्टेज थांबतं, पण सेल उगाच रिकामा होतो, म्हणून ती दुसरी.

आता तपासायच्या कॅपॅसिटरची बाजू. साठ्याच्या अधिकपासून १०० किलोओम २ वॅट, मग १० किलोओम, मग अधिकची लाल क्लिप. १० किलोओमच्या दोन टोकांवर मीटर. १ व्होल्ट म्हणजे ०.१ मिलीअँपियर गळती, हिशोब डोक्यात होतो. क्लिपा शॉर्ट झाल्या तरी २.६ मिलीअँपियरच्या वर जाणार नाही, आणि खराब कॅपॅसिटरच्या आत उष्णता वाईटात वाईट ०.१९ वॅट. तेवढ्याने १६ मायक्रोफॅरडचा डबा कोमटही होत नाही. फुटायचा प्रश्नच नाही.

शेवटी दोन पोलांचा टू-वे टॉगल, मधे 'ऑफ' नसलेला. एका बाजूला 'तपासणी'. दुसऱ्या बाजूला 'रिकामं': तिथे एक पोल तपासायच्या कॅपॅसिटरला ४.७ किलोओममधून उण्याला नेतो, दुसरा पोल साठ्याला दुसऱ्या ४.७ किलोओममधून. मधे 'ऑफ' असलेला टॉगल घेतला तर घाईत तो मध्येच राहतो आणि क्लिपेवर २९० व्होल्ट तसेच.

गंजी_गल्ली_रेडिओ

फॉर्मिंग करताना काय दिसतं ते लिहितो, म्हणजे नवीन माणसाला अंदाज येईल. १६+१६ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा जुना ॲल्युमिनियमचा डबा धरा. दोन्ही भाग वेगवेगळे तपासायचे. चांगला असता तर तो नऊ-दहा सेकंदांत भरला असता. जुना असेल तर १० किलोओमवरचा मीटर सुरुवातीला पंधरा-वीस व्होल्टवर उभा राहतो, म्हणजे दीड-दोन मिलीअँपियर. क्लिपेवर तेव्हा शंभरभर व्होल्टच असतात, बाकी सगळे १०० किलोओमवर पडलेले. मग मीटरचा आकडा उतरायला लागतो, आधी भराभर, मग अगदी सावकाश. पाच-पाच मिनिटांनी कागदावर लिहून ठेवा. आकडा पडत असेल तोवर थांबा, घाई नको.

तासाभरात अर्ध्या मिलीअँपियरच्या खाली, म्हणजे ५ व्होल्टच्या खाली आला तर पास. नव्या कॅपॅसिटरचा हिशोब कडक असतो (१६ मायक्रोफॅरड ३५० व्होल्टला ०.०१ सीव्ही, म्हणजे क्षमता गुणिले व्होल्टेजचा शंभरावा भाग, धरला तर ५६ मायक्रोअँपियर), जुन्याकडून तेवढी अपेक्षा नाही. १ मिलीअँपियरवर अडकून बसला, किंवा खाली येऊन परत चढायला लागला, तर तो बदलाच. उतरून परत चढणारा सगळ्यात वाईट.

गळती कमी झाली म्हणजे क्षमता शाबूत आहे असं नव्हे. फॉर्म झाल्यावर कॅपॅसिटन्स मीटरवर लावाच. १६ च्या जागी ६ निघाला तर रेडिओ गुणगुणणारच.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

माझ्याकडच्या सेटला ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर आहे. मग दोन बोर्ड सीरीज करू का?

जुना_व्हॉल्व्ह

नको. सेटची एचटी (व्हॉल्व्हना मिळणारं उंच डीसी व्होल्टेज) किती आहे ते बघा. बहुतेक घरगुती व्हॉल्व्ह सेटमध्ये ती २५० च्या आसपास असते, ४५० हा कॅपॅसिटरवर लिहिलेला कमाल आकडा. २९० ला फॉर्म झालेला तिथे चालतो. दोन बोर्ड सीरीज म्हणजे ६०० व्होल्ट, त्याला टॉगलपासून क्लिपेपर्यंत सगळंच दुसऱ्या दर्जाचं लागतं.

पंचगंगातीर

आणि चार बोर्ड समांतर, भंगारातले सात-आठ कॅपॅसिटर जोडून मोठी बँक? चार्ज भराभर होईल.

जुना_व्हॉल्व्ह

करू नका, आणि हे मी मनापासून सांगतोय. १००० मायक्रोफॅरड ३०० व्होल्टला ४५ ज्यूल होतात. १० ज्यूलच्या पुढचा साठा छातीतून गेला तर जीवघेणा समजूनच वागायचं. तपासणीला एवढ्या साठ्याचा काडीचा उपयोग नाही, कारण १०० किलोओमच्या पलीकडे जाणारा करंट तेवढाच राहणार. बँकेतला एक कॅपॅसिटर आतून शॉर्ट झाला तर बाकी सगळे त्याच्यातच रिकामे होतात आणि तो फुटतो. एक बोर्ड, एक साठा. यापुढे या धाग्यात बँकेवर बोलायला नको.

उद्यमनगर_वाइंडिंग

पंपाच्या कामाला हा डबा उपयोगी पडेल असं दिसतंय. ऊसपट्ट्यातले सिंगल फेज पंप आले की निम्म्या वेळा दोष कॅपॅसिटरचाच असतो, आणि शेतकरी वाइंडिंग जळलं म्हणून मोटर घेऊन येतो. ३६ मायक्रोफॅरड ४४० व्होल्टचा रन कॅपॅसिटर यावर कसा बघायचा?

जुना_व्हॉल्व्ह

तो फिल्मचा असतो, त्याला अधिक-उणे नाही आणि फॉर्मिंगही नाही. पंपातून दोन्ही वायरी सोडवून, रेझिस्टरने रिकामा करून क्लिपेला लावा. २९० ला भरला की १० किलोओमवर शून्यच दिसायला हवं. मग लाल क्लिप सोडा आणि कॅपॅसिटरवर थेट मीटर धरा. मीटरचा रोध १० मेगाओम असल्याने चांगला कॅपॅसिटरसुद्धा हळूहळू उतरतो, ६ मिनिटांत साधारण १०७ व्होल्टवर येतो. अर्ध्या मिनिटातच पडला तर गळका. पण टोकांवर कारखान्यानेच डिस्चार्ज रेझिस्टर लावलाय का ते आधी बघा, नाहीतर चांगला माल फेकाल.

क्षमताही बघता येते. तपासायचा कॅपॅसिटर रिकामा ठेवा. चार्जरचा सेल बंद करा, साठ्याचं व्होल्टेज वाचा. मग १ किलोओम ५ वॅटमधून साठा कॅपॅसिटरला जोडा आणि लगेच, दोन सेकंदांत, पुन्हा वाचा. दुसरा आकडा भागिले पहिला. साठा १२० आणि कॅपॅसिटर ३६ असेल तर ०.७७ येतं. कॅपॅसिटर ३० वर घसरला असेल तर ०.८०, २० वर असेल तर ०.८६. गुणोत्तरच घ्या, कारण सुरुवात दर वेळी २८३ ते २९० मध्ये कुठेही असते. सेल बंद केला नाही तर कंपॅरेटर मध्येच चार्ज सुरू करतो आणि आकडा बिघडतो.

उद्यमनगर_वाइंडिंग

०.७७ आणि ०.८० मधला फरक ओळखणं दुकानात अवघड आहे. गिऱ्हाईक समोर उभं असतं. क्षमतेला मी कॅपॅसिटन्स मीटरच वापरणार, तो थेट ३१.४ दाखवतो, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त घसरलेला मी बदलतो. पण गळती तो मीटर दाखवत नाही, कारण तो एक-दोन व्होल्टवर मोजतो. मीटरवर ३५ दाखवणारा आणि पंपावर गरम होणारा कॅपॅसिटर याने सापडेल. तेवढ्यासाठी बांधतो.

जुना_व्हॉल्व्ह

मान्य. साठ्याच्या फोटोफ्लॅशवर छापलेली क्षमता तरी कुठे अचूक असते. मीटर नसेल त्याच्यासाठीच ती युक्ती, तीही एकदा नव्या ३६ च्या कॅपॅसिटरवर ताडून घेऊन.

प्रयोगशाळा_सहायक

बोर्ड जोडला, शिट्टी येते, पण व्होल्टेज ६० च्या वर जात नाही. सेल नवा आहे.

गंजी_गल्ली_रेडिओ

शिट्टी येते म्हणजे ट्रान्झिस्टर आणि प्रायमरी ठीक. शिट्टीचा सूर चढत नाही, एकाच जागी आहे ना? मग भार आहे कुठेतरी. आधी साठ्याचा कॅपॅसिटर. पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेला फोटोफ्लॅशही गळतो, त्यालाही फॉर्म व्हायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, ६० वरून चढायला लागला तर तोच. मधे मधे ट्रान्झिस्टरला हात लावून बघण्यापेक्षा दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद असं करा.

चढलाच नाही तर डायोड. बदलताना १एन४००७ घालू नका. तो ५० हर्ट्झसाठी आहे, या वेगाला तो वेळेत बंद होत नाही आणि साठवलेला चार्ज उलटा वाहतो. यूएफ४००७ घाला, १००० व्होल्टचा. बंद असताना डायोडवर ३०० नव्हे, जवळपास दुप्पट येतात, कारण सेकंडरी त्या क्षणी उलट्या बाजूला प्रायमरीच्या पटीत फेकते. ४०० व्होल्टचा फास्ट डायोड म्हणून तिथे टिकत नाही.

शिट्टीच नसती तर ट्रान्झिस्टर बघायचा होता. २एसडी९६५ नाही मिळाला तर डी८८२ चालतो, थोडा हळू चार्ज होतो. पाय आधी डेटाशीटवर बघा. बीसी५४७ लावायचा प्रयत्न सोडा, तो १०० मिलीअँपियरचा आहे.

प्रयोगशाळा_सहायक

फॉर्मिंगचंच निघालं. पंधरा मिनिटांत २८० वर आला. पण आता पावसाळी हवेत चार्ज करून बंद केलं की ब्लीडर काढूनसुद्धा भराभर उतरतो.

जुना_व्हॉल्व्ह

पहिली गोष्ट, ब्लीडर परत लावा, चाचणीपुरताही काढू नका.

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत हे होणारच. बोर्डावर सोल्डरचं फ्लक्स राहिलेलं असतं, ते ओल धरतं आणि ३०० व्होल्टला रस्ता मिळतो. कॅपॅसिटरच्या पायांमधली जागा भिंगाखाली बघा, पिवळसर चिकट थर दिसेल, कधी त्यात काळी बारीक रेघही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, टेबल लॅम्पखाली तासभर वाळवा, मग वरून इन्सुलेटिंग वॉर्निशचा हात. वाइंडिंगच्या दुकानांत हवेत वाळणारं वॉर्निश असतं, उद्यमनगरवाले दादा सांगतील. काळी रेघ पडली असेल तर ती खरवडून काढल्याशिवाय वॉर्निश मारू नका, खालून जळतच राहते.

उद्यमनगर_वाइंडिंग

बेकिंगचं नको, एअर ड्राइंगचं मागा. दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. जाड थर आतून ओला राहतो.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

बांधून झालं, प्लास्टिकच्या स्विचबोर्डाच्या डब्यात बसवलं. एक शंका. १०० मायक्रोफॅरडचा जुना कॅपॅसिटर फॉर्म केला, टॉगल 'रिकामं'वर, मीटर शून्य. काढून टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी मोजला तर २२ व्होल्ट. हे कुठून आले?

जुना_व्हॉल्व्ह

डायलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज आहे तो. टोकं रिकामी झाली तरी ऑक्साइडच्या आत अडकलेला भाग सावकाश बाहेर येतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकमध्ये मूळ व्होल्टेजच्या १० ते १५ टक्के परत येऊ शकतात, म्हणजे २९० वर भरलेल्यावर तीस-चाळीससुद्धा. जितका वेळ भरलेला ठेवाल तितका जास्त, आणि फॉर्मिंगला तर तासभर ठेवतोच आपण. तेव्हा टॉगल 'रिकामं'वर किमान पाच मिनिटं राहू दे, आणि क्लिपेतून काढल्याबरोबर दोन्ही टोकांना उघडी तार गुंडाळून ठेवा. सेटमध्ये सोल्डर करून झाल्यावरच ती काढायची.